मोहेईच्या बाजूला गेलेला डोंगर

चि. यासुकिचीस,

थोरल्या बहिणीचा, ओतोसेचा, आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि तुझी छापील चित्रांचे लाकडी ठसे कोरणारी बोटं सुखरूप असोत. इथे घाटावर थंडी पडली, पर्सिमॉनची फळं सोलून माळा टांगल्या. माझा गुडघा नेहमीप्रमाणे आधी दुखला आणि मग हवा बदलली. तुझ्या मालकांना नमस्कार सांग. चित्रकाराला मात्र सांगू नकोस, त्याला काय सांगायचं ते खाली लिहिलं आहे.

तू पाठवलेलं छापील चित्र पोचलं. आपला घाट, आपलं चहाचं दुकान आणि दारात उभी मी! बारा वर्षं एदो शहरात बसलास, तिकडून एवढं तरी आलं, म्हणून मी ते आधी देवापुढे ठेवलं आणि मग नीट पाहिलं. पाहायला नको होतं. एदोकडून घाट चढून येताना आपलं दुकान उजव्या हाताला आणि त्याच्या पाठीशी एबोशी डोंगर, हे आपल्या आजोबांच्या वेळेपासून असंच आहे. (डोंगर तर त्याच्याही आधीपासून.) चित्रात दुकानही डावीकडे आणि डोंगरही डावीकडे. म्हणजे थेट समोरच्या चहावाल्या मोहेईच्या बाजूला! ज्या मोहेईशी मी वीस वर्षं भांडून गिऱ्हाईक टिकवलं, त्याला या चित्रकाराने घरबसल्या अख्खा डोंगर बहाल केला. वाटेने चाललेल्या सामुराईची तलवार उजव्या कमरेला लटकते आहे. उपसणार कशी, दातांनी? आणि यावर कडी म्हणजे माझा गळा! किमोनो उलटा दुमडलेला, मढ्याला नेसवतात तसा. वाटसरूंचेही तसेच. म्हणजे मेलेल्यांची वरात घाट चढते आहे आणि मेलेली मी त्यांना चहाला बोलावते आहे. शोभतं का हे?

तुला वाटेल ताई उगाच कांगावा करते. अरे, तुमचं चित्र एदोत दुकानोदुकानी टांगलेलं आहे म्हणे, आणि जो तो ते झोळीत घालून इकडे येतो. घाटमाथ्यावर उभा राहतो, चित्र पाहतो, मान डोलावतो आणि सरळ डावीकडे मोहेईच्या बाकावर जाऊन बसतो. दारातली बाई कोण, असं विचारलं की मोहेई डोळे पुसतो. "समोरची ओतोसे हो. गेली बिचारी. तोंडाची फटकळ, पण काडीवरचे दांगो, तांदळाचे गोळे, बरे भाजायची. चित्रकाराने आठवण म्हणून माझ्या दारात उभी केली." हे मी समोरच्या चुलीपाशी, हातात दांगोची काडी धरून, स्वतःच्या कानांनी ऐकते! परवा एका यात्रेकरू म्हातारीने मला पाहून हात जोडले. मी म्हटलं, "आजी, मी जिवंत आहे, चहा घ्या." तर म्हणते, "हो गं बाई, सगळीच असं म्हणतात." आणि पुटपुटत पुढे गेली. दहा दिवसांत माझ्याकडे चार माणसं बसली. त्यातला एक आंधळा.

चित्रकार एदोचा पूल ओलांडून कधी बाहेर पडला नाही, तू सांगितलंस तसं त्याने काढलं, असं तूच लिहितोस. मग तू सांगताना तो झोपला होता का? तो ठसा फोड आणि चुलीत घाल. भात तरी शिजेल.

तुझी बहीण (अजून जिवंत),
ओतोसे

ता. क. पत्र बांधण्याआधी केस विंचरायला बसले. चित्र पाठीमागच्या भिंतीवर होतं, ते आरशात दिसलं आणि फणी हातातच राहिली. सगळं जागच्या जागी! उमेदवारीला लागलास तेव्हा तूच कळवलं होतंस की चित्राचा कागद लाकडावर पालथा चिकटवतात, म्हणजे छाप सुलट येते. तू उताणा चिकटवलास ना रे? (मथळ्याच्या अक्षरांची वेगळी चिठ्ठी तेवढी पालथी लावलीस, म्हणून कोणाला कळलं नाही.) चाळिशीचा घोडा झालास! घरचं चित्र हातात आल्यावर चित्त कुठे गेलं होतं, ते मी विचारत नाही. चित्रकाराची माफी माग, माझं नाव न घेता.

ता. क. २. ठसा फोडू नकोस. आरशात ती तिसरी कलती पायरी दिसली, जिच्यावर तू हनुवटी फोडून घेतली होतीस. पर्सिमॉनची वाकडी फांदीसुद्धा दिसली. आणि ते आभाळ! वर गडद निळं, खाली डोंगराशी येता येता विरून गेलेलं, अगदी आपल्या पहाटेचं. पाहता पाहता भात करपला. पत्र नेणारा मिळेना, तोवर आठवडा गेला; आता आरसा दुकानातच टांगला आहे. लोक आरशात चित्र पाहायला बसतात आणि बसले की चहा घेतात. मोहेईनेही एक आरसा मिळवला, पण त्याची झिलई गेलेली. त्यात नुसतं धुकं दिसतं.

ता. क. ३. आरशात माझा गळा सुलट दिसतो. पण मी अठ्ठावन्न वर्षांची झाले, यासुकिची. एक दिवस कोणीतरी तो खरोखरच उलटा दुमडेल. त्याच्या आत एकदा ये. दुकान उजव्या हाताला आहे. चित्रावर जाऊ नकोस, नाहीतर मोहेईकडे जाऊन बसशील.