टोपीचं अस्तर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

छकुली बरी कधी होणार, असं तू विचारलंस. अरे, तुझी लेक आजारी कुठे आहे? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिच्या केसांत, कातडीत जन्मापासून रंग कमी, एवढंच. ऊन टाळा, नजर अधू आहे म्हणून वर्गात पुढे बसवा.

पण उन्हाच्या धास्तीनं ती शाळेलाच जाईना. मी पडलो शिंपी! रुंद काठाची टोपी शिवली, काठालाही आतून हौसेनं पांढरंशुभ्र अस्तर लावलं.

"आजोबा, आता ऊन खालूनही डोळ्यांत येतंय!"

जमिनीवरचा उजेड पांढऱ्या अस्तरावरून तिच्या डोळ्यांत परततोय, हे तेव्हा उमगलं. अस्तर उसवून काळं लावलं. आज ती टोपी मिरवत शाळेत गेली आणि चार मैत्रिणींच्या डोक्यांची मापं घेऊन आली.

"बाबांना मीच सांगणार," म्हणत तिनं फोन लावलाय. तुझं हसू इथवर ऐकू येतंय. आता पत्र कशाला टाकू?

तुझा बाप,
सध्या टोप्यांत बुडालेला