सहा अल्बम आणि मागची खोली

मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, खाली सही केलेली, वय अडुसष्ट, पूर्वी बस स्टँडवर घोषणा करण्याची नोकरी, सध्या काही नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मला कुणी धाक दाखवलेला नाही, कुणी लाडीगोडी लावलेली नाही. जे लिहिते आहे ते समजून-उमजून आणि राजीखुशीने लिहिते आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असलंच तर ते आता रद्द.

आजाराचं नाव इथे लिहायची गरज नाही. डॉक्टरीणबाईंनी ते सांगितलं तेव्हा मी त्यांच्यामागच्या भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होते. "काही विचारायचंय का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही दातांच्या डॉक्टर नाही, मग हे चित्र इथे कशाला?" शेजारी भावजय रडत होती. मला काही वाटलं नाही. अजूनही फारसं वाटत नाही. वाटेल वाटेल म्हणून थोडे दिवस वाट पाहिली, मग म्हटलं, तोवर कागद तरी करून घ्यावा.

मला नवरा नाही, मूल नाही, कधी नव्हतंही. एक धाकटा भाऊ आहे. जगाला तो 'तोंडाळ' या नावाने माहीत आहे. ठेक्यावर भराभर, यमक जुळवत बोलायचं, ज्याला रॅप म्हणतात, ते तो पस्तीस वर्षं करतो आहे. साठीला टेकला तरी डोक्यावरची टोपी अजून उलटीच असते. त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, औषधांच्या दुकानात काम करते. आम्ही तिघं एकाच घरात राहतो.

कलम १. राहतं घर माझ्या पगारातून घेतलेलं असून माझ्या एकटीच्या नावे आहे. पुढच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्या पश्चात भाऊ आणि भावजय यांना समाईक मिळावं. मागच्या खोलीत भावाने भिंतींना स्पंज चिकटवून ध्वनिमुद्रणाची सोय केली आहे. ती खोली त्याला एकट्याला मिळावी. (या शेवटच्या वाक्यात बदल केला आहे. तो कलम ८ मध्ये बघावा.)

कलम २. बँकेत जे काही असेल ते सगळं भावजयीला. भावाने त्यात नाक खुपसू नये.

कलम ३. माझा थर्मास स्टँडवर माझ्या जागी आलेल्या मुलीला द्यावा. ती शब्दांचे शेवट गिळते. गरम पाणी पीत जा म्हणावं, आणि वाक्य संपेपर्यंत माइकपासून तोंड हलवू नकोस म्हणावं. आमचे जुने स्टँडप्रमुख, ज्यांनी मला घसा बसलेला असताना दोन पाळ्या करायला लावल्या, त्यांना माझ्या मालमत्तेतून काहीही मिळू नये. त्यांनी मागितलेलं नाही हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवते.

कलम ४. भावाला मी रोख काही ठेवत नाही. त्याला त्याच्या अल्बमांचा क्रम ठेवते. प्रत्येक अल्बम निघाला की तो कॅसेट, नाहीतर सीडी, माझ्या हातात द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी विचारायचा, "ताई, कसा झाला?" मी म्हणायचे, "ऐकला." तो यावर चिडायचा. मासिकांनी क्रम लावले, इंटरनेटवरच्या पोरांनी लावले, एकदा तू लाव, असं त्याने मला कितीदा तरी म्हटलं. वकीलबाईंचं म्हणणं असं की मृत्युपत्रात समीक्षा घालू नये. मी म्हटलं, दुसरं कुठे छापणार आहे माझं?

सगळ्यात खाली 'मीच तो'. हा त्याचा चौथा. त्या वर्षी तो थंड पेयाच्या जाहिरातीत झळकला होता आणि हवेत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा प्रकार. मी मोठा, मी पहिला, माझ्यासारखा मीच. श्वास नको तिथे घेतलाय, त्यामुळे अर्धी यमकं ऐकूच येत नाहीत. स्टँडवर मी अशी घोषणा केली असती तर लोक भलत्याच गाडीत बसले असते.

त्याच्या वर 'अजून आहे', हा अलीकडचा, सहावा. 'अजून आहे' असं आपल्याच तोंडाने सांगायची वेळ आली की काय समजायचं ते लोक समजतात. आवाज यंत्रातून काढून इस्त्री केल्यासारखा केलाय. दोनच गाणी बरी आहेत, पण ती ऐकायला कुणी थांबलं नाही. कार्यक्रमाला मी गेले होते. लोक फोन बघत होते आणि तो घामाघूम झाला होता. त्याची दया आली असावी मला, आता नीट आठवत नाही.

मधले तीन एकत्र घेते, कारण त्यांचं वर्म एकच आहे. 'आवाज कमी कर' हा त्याचा पहिला, 'दारातला दिवा' तिसरा, 'खुर्ची रिकामी' पाचवा. जगाने डोक्यावर घेतले ते हेच. तिन्हींत शेवटचं गाणं गेलेल्या माणसावर आहे. पहिल्यात बाबा, तिसऱ्यात आई, पाचव्यात त्याला ठेके बनवून देणारा मित्र, ज्याला आम्ही ठोक्या म्हणायचो. माणूस गेलं की आमचा तोंडाळ असं काही लिहितो की ऐकणाऱ्याने रुमाल काढावा. ज्या अल्बमच्या वेळी कुणी गेलं नाही, तो पडला. एका मासिकाने लिहिलं होतं, दुःख त्याला मानवतं. आमच्याकडे याला मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात.

तरीही क्रम मागितलाय म्हणून लावते. चौथ्या नंबरावर 'आवाज कमी कर', तिसऱ्यावर 'खुर्ची रिकामी', दुसऱ्यावर 'दारातला दिवा'. शब्द स्वच्छ, श्वास जागच्या जागी, एकही यमक ओढून आणलेलं नाही. आईच्या गाण्यातल्या या ओळी लोकांना तोंडपाठ आहेत:

दारातला दिवा जळतो, आई जागी अजून,
ताट झाकून ठेवलंय तिने, पेंगत पेंगत, जागून.

पहिला नंबर मी 'फुकटचे सल्ले'ला देते. दुसरा अल्बम, कुणी विकत घेतला नाही, काही गाणी अगदीच पोरकट. पण त्यात न्हाव्यापासून घरमालकापर्यंत जो तो त्याला अक्कल शिकवतो आणि मध्येच तो स्वतःच हसतो. ते हसणं त्याने कापलं नाही. ज्यांच्यावर ती गाणी आहेत ती सगळी माणसं तेव्हा चालतीबोलती होती. घरमालक तर भांडायला घरी आला होता.

कलम ५. वरच्या तीन गाण्यांतल्या काही गोष्टींची मालकी स्पष्ट करून ठेवते. कोर्टात जायचं नाही मला, नुसती नोंद.

लहानपणी तो बोलताना अडखळायचा. पहिल्या अल्बममधले बाबा त्याला रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायला लावतात आणि त्याची जीभ सुटते. आमच्याकडे पेपर येत नव्हता. बाबा तो उठायच्या आत कामावर जायचे. मी स्टँडवर नुकती लागले होते आणि घरी सराव म्हणून गाड्यांचं वेळापत्रक म्हणायचे. ते मी त्याला माझ्या मागोमाग एका दमात म्हणायला लावायचे. त्याची जीभ त्यावर सुटली. आई रात्रीची गोळी घेऊन लवकर झोपायची. शेवटची गाडी सोडून मी घरी यायचे आणि ताट झाकून मीच बसायचे, कारण तो येईपर्यंत कडी लावता यायची नाही. आणि पाचव्यातल्या गाण्यात म्हटलंय तसं तोंडाळ हे नाव ठोक्याने ठेवलेलं नाही. ते मी रागाच्या भरात ठेवलं होतं.

पहिला अल्बम निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, "अरे, बाबा कुठे वाचून घ्यायचे? मी घ्यायचे." तो म्हणाला, "ताई, तू आहेस की इथे. बाबांना दिलं तर काय बिघडलं? शिवाय 'ताई'ला यमक नाही." मी म्हटलं, "घाई, शाई, महागाई, दिरंगाई. अजून हव्यात?" त्यावर तो हसला आणि बाबा होते तिथेच राहिले. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. चांगलंच वाटलं होतं.

कलम ६. माझं दुखणं कळल्यापासून भाऊ रोज माझ्या खाटेशी येऊन बसतो. "ताई, लहानपणचं काहीतरी सांग ना. कुणाला माहीत नसलेलं." ऐकताना त्याचे ओठ हलतात, बोटं मांडीवर ठेका धरतात. लहानपणापासून बघते आहे, मला कळत नाही होय? सातव्या अल्बमचं शेवटचं गाणं मी आहे. त्याला ते हवंय. 'अजून आहे' पडल्यापासून त्याला कुणी बोलावत नाही. तो वाईट माणूस नाही. त्याला दुसरं काही येत नाही, एवढंच. पण माझं जे होतं ते तीन मेलेल्यांत वाटून झालंय. आता माझ्या नावावर तो काय घालणार?

कलम ७. सबब, माझ्या पश्चात माझ्यावर कोणतंही गाणं करू नये, माझा आवाज किंवा फोटो वापरू नये. तशी ताकीद भावास या मृत्युपत्राने देत आहे.

कलम ८. हे कलम वरचं सगळं लिहून झाल्यावर, वकीलबाई कागद न्यायला यायच्या आदल्या दिवशी जोडलं आहे.

संध्याकाळी भाऊ आला तेव्हा मी त्याला कलम ७ वाचून दाखवलं. त्याने टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, "ताई, तुझं गाणं लिहून झालंय."

"मी अजून आहे की."

"सुचलं, म्हणून लिहिलं."

मी म्हटलं, "म्हण मग."

त्याने खाटेच्या कडेला बसून, मांडीवर ठेका धरून म्हटलं. ठेक्याला यंत्र नव्हतं की काही नव्हतं. मी पस्तीस वर्षं त्याला ऐकते आहे. हे त्याचं सगळ्यात चांगलं गाणं आहे. 'दारातला दिवा'च्याही वर जाईल. श्वास कुठे घेतला ते मलाही कळलं नाही. त्यातल्या या ओळी:

खुर्च्या सगळ्या मोकळ्या, दिवे अर्धे बंद,
पहिल्या रांगेत ताई एकटी, तिलाच माझा छंद.
वायर गुंडाळत बसली, कोपर ते अंगठा,
माझ्या पहिल्या टाळीचा तिनेच घेतला मक्ता.

पहिल्या रांगेत मी कधीच बसले नाही. संध्याकाळची पाळी कायम माझी असायची. त्याच्या सुरुवातीच्या कार्यक्रमांना रिकाम्या सभागृहात एकटी बसायची आणि नंतर वायरी गुंडाळून पिशवीत भरायची ती माझी भावजय. तेव्हा ती त्याची कुणी नव्हती. त्यांचं जमलं ते तिथेच.

ती माझं औषध घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे बघितलं, तर ती म्हणाली, "असू द्या वन्सं. मी गेले की माझ्या गाण्यात दुसऱ्या कुणाचं तरी घालतील. यांचं असंच चालतं."

तक्रार करावी तसं ती बोलली नाही. दूध संपलंय असं सांगावं तसं बोलली.

तेव्हा मला राग आला. दुखणं कळल्यापासून काहीतरी पहिल्यांदा वाटलं, आणि तो राग होता. भावाला मी म्हटलं, "पहिल्या रांगेत कोण होतं रे?"

तो आठवायला लागला. त्याला खरंच आठवत नव्हतं. मग आठवलं, आणि त्याचा चेहरा पडला.

तर बदल असा, तो मी तिथेच दोघांना सांगितला. मागच्या खोलीची मालकी आणि किल्ली माझ्या पश्चात भावजयीकडे जावी. भावाला ती खोली वापरता येईल, पण एका अटीवर. सातव्या अल्बमचं शेवटचं गाणं त्याने भावजयीवर करावं, ती धडधाकट असताना करावं, आणि ते सगळ्यात आधी तिला समोर बसवून म्हणून दाखवावं. त्यात जे तिचं नाही ते तिने खोडावं. तिचं समाधान होईपर्यंत त्याला दुसरं काही मुद्रित करता येणार नाही. गाणं पडलं तर पडू द्यावं. वकीलबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या ही अट कोर्टात टिकणार नाही. मी म्हटलं, घरात टिकली की झालं.

भाऊ म्हणाला, "आणि तुझं गाणं? एवढं चांगलं झालंय, ताई."

मी म्हटलं, "चांगलं झालंय. माझं नाही ते. माझं होतं ते तू वाटून टाकलंस, लोकांना आवडलं, राहू दे तिकडेच. हिचं सगळं अजून शिल्लक आहे."

तो रडला. मला रडू आलं नाही. भावजयीने औषध माझ्या हातात दिलं आणि मी ते घेईपर्यंत ती थांबली. त्याने तिला विचारलं, "तू रोज यायचीस? मला सांग ना सगळं." ती म्हणाली, "भांडी पडलीत." आणि ती आत गेली.

तो तिच्यामागे स्वयंपाकघरात गेला. हे लिहीत असताना तिकडून नळाचा आवाज येतो आहे, आणि भावजयीचा. एवढी वर्षं एका घरात राहून तिला इतकं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. तोंडाळचा आवाज अजून एकदाही आलेला नाही.

हा सगळा मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, मोठ्याने वाचून पाहिला, आणि तो माझ्या मनाप्रमाणे आहे. कलम ७ कायम आहे. व्यवस्थापक म्हणून भावजयीला नेमते. खालच्या दोन्ही साक्षीदारांना या मालमत्तेतून काही मिळणार नाही, त्यांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली आहे.

सही: लिहून ठेवणार, तोंडाळची ताई (पूर्ण नाव मुद्रांकावर आहे)

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई. शुद्धीत असल्याची खात्री केली. सही.

साक्षीदार २: शेजारचे चष्मेवाले. मजकूर वाचला नाही, सही करताना पाहिलं. सही.

स्थळ: राहतं घर, पुढची खोली, खिडकीजवळची खाट.

दिनांक: मुद्रांकावर आहे तोच, मंगळवार, सकाळ.