ठाण्यात ठेवलेली बंदूक

बा,

ती सकाळ मला अजून स्वप्नात दिसते. धुकं इतकं दाट की तांड्याबाहेरच्या तुरी नुसत्या सावल्यांसारख्या उभ्या आहेत, आणि तू सायकल धरून अंगणात थांबला आहेस. माझी आई, आपली याडी, तिची जुनी गोधडी घेऊन येते, तुझी ठासणीची बंदूक तिच्यात गुंडाळते आणि दोन्ही टोकं सुतळीने आवळून बांधते. मी तेव्हा नववीत होते. शाळा बुडवून तुझ्याबरोबर दारव्ह्याला कशासाठी जायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मागे कॅरिअरवर बसले आणि तू ती गोधडी माझ्या मांडीवर आडवी ठेवलीस. "तू धर," म्हणालास. "रस्त्यानं मी मांगतली तरी मले देऊ नको." मला वाटलं, सायकल चालवताना अडचण होते म्हणून म्हणतोस. चाकाखाली ओली माती दबत होती, कुठूनतरी बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या, पण बैल दिसत नव्हते. वाटेत तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस.

शेतराखणीचा परवाना आजोबांच्या नावचा होता, तो पुढे तुझ्या नावावर झाला. सगळ्या तांड्यात एकच बंदूक, आणि ती आपल्या घरी. जंगलातून डुकरं उतरली की लोक तुला हाक मारायचे. तू बार हवेतच काढायचास, पण दुसऱ्या दिवशी चहा प्यायला चार घरचं बोलावणं असायचं. त्या वर्षी पीक चांगलं आलं होतं, घरात कुणाचं दुखणं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. म्हणूनच बहुतेक कोणाच्या लक्षात आलं नाही. तू जेवायला बसायचास आणि ताटाकडे बघत राहायचास. बोलता बोलता मधेच थांबायचास, जणू कोणी दुसऱ्या खोलीतून तुला बोलावलं आहे. याडीला मात्र कळलं होतं. तू भिंतीवरच्या बंदुकीकडे कसा बघतोस, हे तिने पाहिलं होतं. तिने विचारलं, आणि तू खोटं बोलला नाहीस. हे सगळं तिने मला फार नंतर सांगितलं.

ठाण्यात एक म्हातारे जमादार होते. निवडणूक नाही, काही नाही, मग बंदूक जमा कशाला करता, असं त्यांनी विचारलं. तू म्हणालास, घरात ठेवायची नाही. त्यांनी पुन्हा कारण विचारलं. तू माझ्याकडे पाहिलंस, मग टेबलाकडे, आणि इतक्या हळू बोललास की जमादारांना पुढे वाकावं लागलं. "मले डुकराची भीती नाही, साहेब. माझीच वाटून राह्यली."

जमादारांनी पेन खाली ठेवला. उठून बाहेर गेले आणि स्वतः तीन चहा घेऊन आले. आपण तिघं तिथे बसून चहा प्यालो, खिडकीबाहेर धुकं विरत होतं. परत येताना माझी मांडी रिकामी होती आणि तरी तिथे काहीतरी जड असल्यासारखं वाटत होतं.

तांड्यात तू सांगितलंस की बंदुकीचा घोडा मोडला, आता दुरुस्त होत नाही. लोक हळहळले, नंतर हसले, नंतर विसरले. डुकरांनी त्या वर्षी भुईमूग उकरला आणि याडीने डबे बडवले. तुला यवतमाळच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, महिने गेले. एकदम काही बदललं नाही. एक दिवस तू भाजीत मीठ कमी आहे म्हणालास आणि याडी चुलीपुढे बसून रडली.

माझ्या लग्नानंतर, मी तालुक्याच्या दवाखान्यात सिस्टर झाल्यावर, तू माझ्या क्वार्टरवर राहायला यायचास. एका दुपारी ओट्यावर माझी मुलगी तुझ्या मांडीत झोपली होती, निंबाची सावली तुमच्या दोघांवर हलत होती, आणि तू आपणहून बोललास. बंदूक दिल्यानंतरही एकदा तुझं मन तसंच झालं होतं. तू ती परत आणायला म्हणून निघाला होतास. "नाल्यापर्यंत गेलतो," म्हणालास. "ऊन लागलं. पळसाखाली बसलो. बसल्या बसल्या ते मनातलं उतरून गेलं. घरात असती तं एवढा रस्ता मधात नसता." मग तू पोरीच्या तोंडावरची माशी हाकललीस. त्यानंतर तू बरीच वर्षं जगलास, तिचं कॉलेज पाहिलंस, आणि म्हातारपणाने, साध्या तापाने, आपल्या खाटेवर गेलास.

परवा तांड्यात ग्रामसभा झाली. डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, आता फार वाढल्या आहेत. शेताच्या कामासाठी मी पण गेले होते. पलीकडच्या गल्लीतला एक तरणा पोरगा, गेल्याच वर्षी लग्न झालेला, उठून तावातावाने बोलत होता की मागेल त्याला बंदुकीचा परवाना मिळाला पाहिजे, तसा ठराव करा. बहुतेकांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले. म्हटलं, परवाना देताना शेत किती, जंगल किती लांब, गुन्हा आहे का, हे सगळं विचारतात. घरातल्या माणसाचं मन कसं आहे हे घरच्या बाईला कोणी विचारत नाही. दवाखान्यात मी पाहते, तशी वेळ येते आणि जाते, पण तेवढ्यात हाताशी काय आहे त्यावर सगळं ठरतं. कोणी तरी म्हणालं, तुझ्याच बाची बंदूक होती की. मोडली होती ना?

"मोडली नव्हती," मी म्हणाले. "स्वतःच्या जिवाची भीती वाटली म्हणून त्यानं ठाण्यात नेऊन देली, डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या. म्हणून तो म्हातारा होऊन गेला."

मग ओट्याच्या कडेला बसलेली एक बाई बोलली. तिच्या नवऱ्याची मांडी डुकराने फाडली, तो अजून काठीवर चालतो. ती रागाने बोलली नाही. "मंग आम्ही काय करावं, ताई?" एवढंच म्हणाली. मी तिच्याजवळ जाऊन बसले, आणि बराच वेळ सगळ्यांचं बोलणं झालं. शेवटी ठराव झाला तो असा: कुंपण मागायचं, भरपाई मागायची, आणि परवाना मिळालाच तर बंदूक घरात न ठेवता चौकीत ठेवायची, घरच्यांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. वर कोणी ऐकेल की नाही, माहीत नाही. डुकरं येतातच आहेत.

आज दुपारी दवाखान्यात गर्दी ओसरली तेव्हा तो तरणा पोरगा दारात उभा होता. बायको बरोबर नव्हती. मी बस म्हटलं तर बसला नाही. खिडकीतून बाहेर बघत त्याने विचारलं, "ताई, तुमच्या बाले कोणत्या डॉक्टरकडं नेलं होतं?"

ते डॉक्टर आता नाहीत. मी त्याला आमच्याच डॉक्टरांकडे नेलं आणि तो आत असेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिले. नंतर आम्ही कोपऱ्यावर चहा प्यालो. घरी सांगतो, म्हणाला. मी त्याच्यासमोरच त्याच्या बायकोला फोन लावून दिला.

बा, तू जन्मभर झाकलेली गोष्ट मी भर सभेत उघडी केली, म्हणून तुझी माफी मागायला हे लिहायला बसले होते. कागद भरत आला, पण तो शब्द काही लिहवत नाही. मला माफी मागावीशी वाटतच नाही.