टाच उंच ठेवावी

रविवार, ता. ४ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान धरते. फोन करून उपयोग नाही. नालांच्या ठोकाठोकीत तुमचे कान गेलेले, आणि आत्या माझं निम्मं सांगते, निम्मं आपल्या पदरचं घालते.

बातमी अशी की मला अखेर घोडा मिळाला. दोन वर्षं तबेल्यातली उरलीसुरली जनावरं पळवली, आता पंचवीस तारखेच्या रविवारी मोठ्या शर्यतीत तपकिऱ्यावर मी बसणार. तीन वर्षांचा आहे, छाती अशी की बघत राहावं. खरी गंमत पुढेच. ट्रेनरसाहेब म्हणाले, हा शिंगरू असताना विक्रीला उभा केला तेव्हा ह्याचे खूर तुझ्या बाबांनीच केले होते. मग काय, दिवसभर मी तबेल्यात मिरवत होते.

एक बारीकशी शंका आहे. पळून आला की त्याचा पुढचा डावा गुडघा गरम लागतो. थंड पाण्याची धार धरली की उतरतो. साहेब म्हणतात, काही नाही. पण मी नालबंदाची मुलगी, मला चैन पडत नाही. सोबत फोटो आहे, बघून सांगा.

आत्याला नमस्कार. माझ्यावर लोभ आहे तेवढा पुरे, त्यात उशिराच्या रागाची भर नको.

तुमची,
टिल्ली


गुरुवार, ता. ८ जानेवारी

चि. टिल्लीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. आत्याचं आळीभर सांगून झालंय. मला आनंद झाला हे वेगळं लिहायला नको.

हा घोडा काही मला आठवत नाही. चाळीस वर्षांत किती खूर हाताखालून गेले, कोण लक्षात ठेवतो? आणि फोटो काय पाठवलास, गवतात उभा आहे, पाय घोट्यापर्यंत बुडालेले. त्याला फरशीवर उभा कर आणि बाजूने बघ. समोरून नको, बाजूने. खांद्यापासून खुरापर्यंत ओळंबा सोडल्यासारखा पाय सरळ आहे, की गुडघा मागे झुकलाय? तिथला नालबंद टाच किती ठेवतो? वळण संपल्यावर घोडा घाईने पुढे टाकायचा पाय बदलतो का? शेवटी थकल्यावर मान वर करतो का? सगळं कळव. तोवर त्याला जोरात काढू नकोस.

उगाच घाबरू नको, म्हाताऱ्याच्या चौकशा आहेत. जिवाला जप, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

बाबा


बुधवार, ता. १४ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आहे की पोलिसांची चौकशी? आठवत नाही म्हणता, आणि विचारता असं की जणू कालच त्याचा पाय मांडीवर घेऊन बसला होतात.

फरशीवर उभा केला. बाजूने पाय सरळ दिसतो. टाच मात्र उंच आहे. नालबंदाला विचारलं तर त्यानं खिळ्यांच्या डब्यातून एक कागद काढला. घोड्याबरोबर आला होता म्हणे. अक्षर तुमचंच, मी लांबूनच ओळखलं. 'टाच उंच ठेवावी, पुढून आखूड. बदलू नये.' तुमचा शब्द म्हणून तो बिचारा दोन वर्षं डोळे मिटून तेच करतोय.

वळणानंतर तो पाय बदलतो. शेवटच्या टप्प्यात मान वर करतो. तुम्हाला घरबसल्या कसं कळलं? गुडघा आता दुपारपर्यंत गरम असतो. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडात काही नाही म्हणाले. साहेबांकडे विषय काढला तर म्हणाले, भीती वाटत असेल तर सांग, बसणारे रांगेत उभे आहेत.

हा घोडा सोडला तर मला दुसरा मिळणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. तरी तुम्ही नको म्हणालात तर मी बसणार नाही. कारणही विचारणार नाही. शनिवार, चोवीसपर्यंत तुमचं पत्र आलं नाही, तर पाय चांगला आहे असं समजून बसेन. खूर चांगले असले की तुम्ही कधी काही बोलत नाही, हे मी लहानपणापासून बघते आहे.

लोभ करता तसाच करत राहा, पण ह्या वेळी जरा लवकर.

तुमची,
टिल्ली


मंगळवार, ता. २० जानेवारी

चि. टिल्लीस अनेक आशीर्वाद.

त्या घोड्यावर बसू नकोस.

तू कारण विचारणार नाहीस म्हणालीस, पण सांगणं मला भाग आहे. तो घोडा मला चांगला आठवतो. दोन्ही गुडघे मागे गेलेले होते, डावा जास्त. विक्रीला सहा आठवडे होते. मालकाने मला बोलावलं आणि म्हणाला, तुमच्या हाताला काय जमत नाही? मी टाच वाढू दिली, पुढून घासत गेलो. तसं केलं की गुडघा पुढे येतो आणि पाय सरळ दिसतो. दिसतो फक्त. हाड होतं तिथेच राहतं. भरधाव पळताना घोडा थकला की तो गुडघा मागे ढकलला जातो आणि हाडाच्या पुढच्या कडा एकमेकींवर आपटतात. एक्स-रे आज चांगला आला म्हणून उद्याची खात्री नाही. असा घोडा पळवायचाच नसतो.

विक्रीच्या दिवशी तुझे ट्रेनर माझ्याकडे आले होते. पाय कसा आहे, म्हणून त्यांनी मलाच विचारलं. त्यांना माझ्यावर भरवसा होता. मी म्हणालो, सरळ आहे.

हे पत्र त्यांना दाखव. माझी अब्रू जाईल ती जाऊ दे. आत्याला तुला फोन करायला सांगणार होतो, पण हे तिच्या तोंडून तुला कळावं, हे मनाला पटेना. आता उठतो आणि पाकीट पेटीत टाकून येतो.

तुझा माझ्यावर लोभ राहील की नाही ते तू ठरव. माझा आहे.

बाबा


बुधवार, ता. २८ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर लावून घ्या. उजवा खांदा आणि तीन बरगड्या गेल्या आहेत. डॉक्टर म्हणतात, हात पूर्वीसारखा वर होणार नाही. आत्याला सांगा, जीव वाचला आहे, रडू नको.

आम्ही पुढे होतो. त्यानं मान वर केली आणि मला कळलं, पण त्या वेगात काय थांबवणार? डावा गुडघा मोडल्याचा आवाज मी खोगिरावर ऐकला. पडल्यावरही तो उठायला बघत होता. तीन पायांवर दोनदा उठला. मग घोड्यांचे डॉक्टर शेवटची सुई घेऊन आले आणि त्यांनी भोवती पडदा धरला. मी तिथेच पडले होते, पडद्याच्या आतल्या बाजूला.

तुमचं पत्र काल इथे खाटेवर मिळालं. साहेबांना वाचायला दिलं. त्यांनी घडी घालून परत दिलं. तुम्ही केलंत त्याचा मला राग आहेच, पण तो कदाचित जाईलही. कबूल करायला तुम्हाला किती जड गेलं असेल हे मला समजतं.

पण पत्रावर तारीख मंगळवारची आहे आणि पाकिटावर पोस्टाचा शिक्का शनिवारचा. पोस्टाची पेटी आपल्या दारासमोर आहे, बाबा. हे चार दिवस पत्र कुठे होतं, तेवढं तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून कळवा.

टिल्ली