फौजदार पंधरा दिवस बाहेर

मी, तापीबाई भ्र. प्रेमचंद पाटील, वय अंदाजे साठ, धंदा घरकाम, राहणार नंदुरबार, जिल्हा धुळे, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते की माझे डोके जागेवर आहे. जीभही आहे, शेजारी सांगतील. हा कागद मी कोणाच्या दाबाखाली करीत नाही. मला दाबणारा या गावात अजून जन्मलेला नाही, आणि कागद करायचे कारणही तेच.

१. घर. यजमान रेल्वेत गार्ड होते. त्यांनी हे घर माझ्या नावे घेतले. ते मी सून रंजनाबाई हिच्या एकटीच्या नावे करते. मुलगा लोटन याने रुसू नये. बापाचे घड्याळ त्याला. माझा हट्ट त्याच्याकडे आधीपासूनच आहे.

२. खाऱ्या पाण्याची काचपेटी, माशांसह. यजमान सुरतेहून डब्यांतून समुद्राचे पाणी आणीत, ओळखीच्या खलाशाकडून मासे आणीत. मी वर्षानुवर्षे नाक मुरडले. ते गेले आणि पेटी माझ्या गळ्यात पडली. आता ती रंजनाची. पाणी आटले की खुणेपर्यंत गोडेच पाणी घालावे, मीठ पेटीतच मागे राहते. तांब्यापितळेचे भांडे आत बुडवू नये.

मोठ्या पट्टेवाल्या माशाला यजमान फौजदार म्हणत. तो पेटीत सगळ्यांच्या आधी आला, म्हणून प्रत्येक दगड आपलाच समजतो. गेल्या श्रावणात त्याने एका लहान माशाचे पंख कुरतडले. मी दया येऊन लहानाला बाहेर काढले. बरा झाल्यावर परत सोडला, तर फौजदाराने त्याला दुप्पट मारले, कारण तोवर त्याचा कोपराही याने बळकावला होता. पेटी बनवणारे सत्तारभाई बघत होते. म्हणाले, "भाभी, मार खास त्याले कसाले काढस? मारस त्याले काढ ना."

मग मार खाणाऱ्याऐवजी मारणाऱ्या फौजदारालाच पंधरा दिवस दुसऱ्या पेटीत ठेवले. दगड सगळे हलवले. लहान मासे रुळल्यावर त्याला शेवटी सोडले. एक दिवस तोरा दाखवला, मग मुकाट्याने एका कोपऱ्यात राहू लागला. आज दोन महिने झाले, सगळे जिवंत आहेत. पुढेही असेच करावे.

३. चूल. रंजना लग्न होऊन आली तेव्हा तिने मसाल्याचा डबा चुलीच्या डावीकडे ठेवला. मी उचलून उजवीकडे ठेवला. चार वर्षे हेच. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी शहाद्याला गेली ती आलीच नाही, आणि लोटननेही तिकडेच खोली घेतली. मी गावभर सांगत होते, राहू द्या, माहेरी डोके शांत होईल. सत्तारभाईंचे ते बोलणे ऐकले आणि मला माझी लाज वाटली. ती घरात नाही तर मला जेवण जात नाही. चूल मी काल स्वतः फोडली. नवी कुठे घालायची ते ती ठरवील.

४. शेजारीण फुलवंताबाईने नेलेला माझा पाटा तिच्याकडेच राहावा. तो परत आला तर आमचे भांडण संपेल, आणि तिला दुसरे कोणी भांडायला नाही.

५. उद्यापासून एक महिना मी रनाळ्याला बहीण दगूबाईकडे राहीन. हे लिहिताना दस्त लिहिणारे दोधू थांबले. "मावशी, मृत्युपत्र मरानंतर लागू व्हस." मी म्हटले, "तवपावत कोन वाट दखी? लिख."

तोवर मला थांबायचे नाही, म्हणून हा कागद मी मेल्यावर उघडायचा नाही. साक्षीदार पितांबर उद्या पहिल्या एस.टी.ने शहाद्याला जाऊन तो घराच्या किल्लीसह रंजनाच्या हातात देतील. महिन्याने मी येईन. या घरात मी आजवर कधी दार वाजवून शिरले नाही. त्या दिवशी वाजवीन, आणि तिने उघडेपर्यंत बाहेर उभी राहीन.

नंदुरबार, ता. १९ नोव्हेंबर १९६५

तापीबाई भ्र. प्रेमचंद पाटील, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार :
सत्तार दाऊद मणियार (सही)
पितांबर चुनीलाल पाटील (सही)