तुझा डबा माजरीले गेला

चंद्रपूर, रविवार

माय,
तुले न् बाबाले जयभीम.

मी बरी आहे, जेवणही बरं आहे. बाबाचा गुडघा कसा आहे?

काल व्यापाऱ्यांचा मेळावा झाला. ज्याले त्याले हातात कार्ड देऊन पुढं पळायची घाई. मी मात्र "कोन्या गावचे तुम्ही?" विचारत आपल्या बचत गटाचे मोहफुलाचे लाडू वाटत बसली. माझे कार्ड थैलीतच राह्यले!

माजरीच्या रिनाबाई तेवढ्या थांबल्या. त्यायची खानावळ आहे. त्यायची सासू असेच लाडू करत होती म्हणे. एक खाल्ला न् डोळे पुसू लागल्या. मी उरलेले लाडू डब्यासकट देऊन टाकले. रडत्या बाईले नंबर काय मागू?

सकाळपासून मोबाईल पाहून राह्यली. वाजंल तरी कसा? एकही ऑर्डर आली नाई, हे गटातल्या बायाईले सध्या सांगू नको.

पण डब्यावर तुझं नाव न् आपलं गाव कोरलं आहे. माजरी जवळ नाई, मले समजते. तरी कोणी आलंच, तर आधी बसव, चहा दे. रिकामा डबा कोणी परत करत नाई, असं तूच म्हणतेस. मंग रेंजसाठी टेकडीवर जा न् मले पहिले एवढंच सांग, डबा भरून आला का?

वाट पाहणारी तुझी,
करिष्मा