आईच्या हातून माझं मत

हॅम्बुर्ग, जून १९४५

माझ्या लाडक्या आईला विल्फचं भरपूर प्रेम.

पाय बरा आहे, आता काठी फक्त जिना चढताना लागते. तुझा केक चुरा होऊन पोचला, आम्ही चमच्याने खाल्ला. धाकट्या एडीचा खोकला कसा आहे? मागच्या खोलीची भिंत अजून ओलीच का?

आता कामाचं. मी इथे जर्मनीत पलटणीबरोबर अडकलोय, म्हणून आपल्याकडच्या निवडणुकीत माझ्या वतीने मत टाकायला मी तुझं नाव दिलंय. पण ते पंतप्रधानांच्या पक्षाला नको, मजूर पक्षाला टाक.

तू म्हणशील, "म्हाताऱ्याने देश वाचवला, आणि तू असे पांग फेडतोस?" त्यांचा फोटो तू बाबांच्या फोटोशेजारी लावलायस. बाँब पडत असताना तळघरात रेडिओवर त्यांचा आवाज आला की तुझ्या विणायच्या सुया थांबायच्या. युद्धाआधी इतकी वर्षं त्यांना कुणी विचारलं नाही, तरी गडी वाकला नाही, हे तूच सांगायचीस. मीही त्यांच्यापुढे टोपी काढीन. पण १९१८ला मागचं युद्ध जिंकून आलेल्या बाबांना त्यांच्याच पक्षाच्या राज्यात कुणी काम दिलं नाही, आणि ती भिंत तेव्हापासून ओली आहे.

तुझं मत त्यांना, माझं त्यांच्याविरुद्ध, आणि दोन्ही तुझ्याच हातून. शेजारच्या ऑग्डेनबाई हसतील. इथली पलटणीतली पोरं विचारतात, "म्हातारीने तुझं मत फिरवलं तर?"

मी म्हटलं, तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही.

तुझाच,
विल्फ

ता. क. फोटो मात्र तिथून हलवू नकोस.